बुजलेल्या शेतातली जुडी

ऑक्टोबर १९८४ च्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वासहाला, अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणातल्या चर्चमध्ये वेदीसमोर भाताची ओली जुडी सापडली. दाराला बाहेरून कुलूप होतं, खिडक्यांना गज. कुलूप फादरनी उघडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो.

मी बातमीदार. दोन माणसांनी दुजोरा दिल्याशिवाय ओळ न लिहिणारा. भुताखेतांवर तर कधीच विश्वास नव्हता... चर्चच्या इतिहासावर रविवार पुरवणीसाठी लेख हवा होता, म्हणून गेलो होतो.

त्या दिवशी आगेरा होता, म्हणजे नव्या भाताला आशीर्वाद घेण्याचा सण. भोवती कारखाने झाले तरी चर्चने तो सोडला नव्हता. पहिली जुडी वाहण्याचा मान गावठाणातल्या रोझाबायच्या घराचा. पण त्या वर्षी तिच्या दिराने शेत बिल्डरला विकलं. मे महिन्यातच त्यावर पुरुषभर उंच दगडमातीचं डबर पडलं. त्या पावसाळ्यात पेरणी झालीच नाही.

आदल्या संध्याकाळी मी तिच्या ओट्यावर होतो. शेजारीण ॲग्नेस म्हणाली, "काय गो रोझा, उद्या रेशनचा तांदूळ नेतेस का?"

"हस तू. सासूने मरताना हात धरून सांगितलेलं, हे मोडू नको. माझ्याच हातून मोडलं ना?"

ॲग्नेस हसायची थांबली.

सकाळी जुडी पाहून रोझाबाय मागे सरकली. "काळं कुसळ... आमच्याच शेतातलं भात." हा तिचा दावा. मला पडताळता आला नाही.

"मग उचला," फादर म्हणाले.

"चोरीचं असलं तर, फादर? देवाला चोरीचं वाहू?"

फादरनी भरल्या चर्चमध्ये विचारलं, जुडी कोणी आणली? कोणी उठलं नाही.

"उचल गो!" मागून ॲग्नेस ओरडली. "सासू वाट बघतेय!"

रोझाबायने जुडी उचलली. वेदीच्या पायऱ्या चढताना ती रडत होती.

मग मी घरोघर विचारलं. अजून भात पिकवणाऱ्या वसईहूनही कोणी जुडी आणली नव्हती. किल्ली एकच, ती रात्रभर फादरच्या उशाशी.

मंगळवारी बिल्डरच्या माणसांनी त्या शेतात पायासाठी खड्डा घेतला. मुकादमाने मला बोलावून दाखवलं. डबराच्या तळाशी काळी माती लागली होती. तिच्यात मूठभर भाताची धसकटं उभी होती. काप ताजा होता, आतून हिरवा.