टाळूवरचा दात

"मामा, जरा तोंड उघडा बरं," असं मी सासऱ्यांना म्हणालो, तेही ते पुसेगावहून येऊन नुकतेच भाकरीला बसले असताना. हनुवटी धरून उजेडाकडं वळवलीसुद्धा. घास तसाच हातात धरून ते म्हणाले, "काहून, जावईबापू? बैल घेऊन राहिले का?"

कारण असं की, आमच्या आठ वर्षांच्या लेकीला वरच्या दोन पुढच्या दातांच्या मधोमध तिसराच एक टोकदार दात उगवला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. शाळेत पोरी चिडवायच्या. लेकीनं हसणंच सोडलं. आलंच हसू तर तोंडावर हात. शेजारणी म्हणाल्या, नशीबवान आहे, राहू द्या. मी मात्र जाहीर करून टाकलं की आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे आजोळचं. पुरावा म्हणून सासऱ्यांचं तोंड तपासलं, तर होते नव्हते तेवढे दात ओळीत, सरळ.

शेवटी आम्ही दोघं नवरा-बायको लेकीला घेऊन नांदेडला गेलो. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. म्हणाले, "जादा दात आहे. हिरडीत दुसरा दडलेला न्हाई, हे बरं. हा राहिला तर बाजूचे वाकडे होतील. काढला की हळूहळू जवळ येतील."

"दुखंल?" लेकीनं विचारलं.

"सुई मुंगीवानी चावंल. मग कळणार बी न्हाई."

तसंच झालं. दात बशीत पडला, लेकीनं कापूस दाताखाली धरला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा दात?"

"आमच्याकडं? छे! हे हिच्या माहेरचं."

"बराबर. पण तुमी तोंड उघडा."

त्यांनी आरसा धरला. पुढच्या दातांच्या मागं, टाळूवर, एक दात मजेत बसलेला! जिभेला लागणारा तो खडा सगळ्यांनाच असतो, असं मी जन्मभर समजत आलो होतो.

"तकलीफ नसंल तर राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

लेक कापसासकट खदखदून हसली. हात मांडीवरच राहिले.

परतीच्या एसटीत कळमनुरी आली. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चूक आमच्या बाबांचीच. बैल घेताना दात मोजून घेतात, अन् जावई बघताना नुसती नोकरी विचारून आले."