तोरुन दुसऱ्यांदा शिडी चढली

तोरुन हाउगलान चौदा वर्षं नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या मासळीच्या कारखान्यात होती. अडतिसाव्या वर्षी तिने क्रेन शिकायचं ठरवलं, तेव्हा सोबतच्या बायकांनी तिला वेड्यात काढलं. तिने कुणाचं ऐकलं नाही, ते तिच्या स्वभावातच नव्हतं. डॉक्टरने डोळे, कान, शरीराचा तोल सगळं तपासलं आणि उंचीची भीती वाटते का म्हणून विचारलं.

"मासे साफ करत म्हातारी होण्याची वाटते," ती म्हणाली. डॉक्टरने हसत सही केली.

वर्गात सगळी विशीतली पोरं. तिला मावशी म्हणायची. पण वजनाची गणितं असोत, हाताच्या खुणा असोत, की तारेचा दोर कुठे झिजलाय ते हेरणं असो, मावशी सगळ्यांच्या पुढे. मग वर्षभर ओड्वार या जुन्या क्रेनचालकाच्या नजरेखाली प्रत्यक्ष काम. कौतुक करणं त्याला ठाऊकच नव्हतं. "आज कुणी मेलं नाही," एवढंच म्हणायचा. तोरुनला तेवढं पुरे असे.

एप्रिलात बंदराजवळच्या बांधकामावर परीक्षा झाली. तिथला मुकादम स्वेरे याने आधीच सांगून ठेवलं होतं, "पास हो, सोमवारपासून ही क्रेन तुझी." नापास झाली तर पुढची परीक्षा थेट सप्टेंबरात, आणि तोवर जागा कोण रिकामी ठेवणार?

काँक्रीटची बादली तिने आखलेल्या चौकोनात अलगद टेकवली. खाली उतरली तेव्हा परीक्षक आस्ब्यर्न 'उत्तीर्ण' लिहूनही मोकळा झाला होता. थर्मासमधली कॉफी ओतून घेत तोरुनने मोठ्या ऐटीत आपल्या क्रेनकडे पाहिलं, आणि कप तोंडाशी न्यायचा राहूनच गेला.

बंदरावर आणखी तीन क्रेन होत्या. तिन्हींचे लांब हात वाऱ्याबरोबर एकाच दिशेला वळलेले. तिचीच क्रेन आडवी, ताठ उभी. काम संपलं की फिरण्याचा ब्रेक मोकळा करायचा, म्हणजे हात वाऱ्यासोबत वळतो. नाहीतर वादळात अख्खी क्रेन कोसळू शकते. आनंदाच्या भरात ती तेच विसरली होती.

आस्ब्यर्न पाठमोरा होऊन बॅग आवरत होता. पाच मिनिटांत गेला असता. मग गुपचूप वर जाऊन यायचं, कुणाला पत्ता लागला नसता. तोरुनला तो मोह झाला, चांगलाच झाला.

"अहो, तो कागद काढा परत," ती म्हणाली. "ब्रेक सोडायचा राहिलाय माझा."

त्याने वर पाहिलं. "राहिलाय खरा."

"सोडून येते."

साठ मीटर शिडी ती स्वतःला शिव्या देत चढली. उतरली तेव्हा 'उत्तीर्ण' खोडलेलं होतं. तिला रडू आलं, पण त्याच्यासमोर ती रडली नाही.

सोमवारी ती स्वेरेला सांगायला बांधकामावर गेली. "नापास झाले. दुसरं कुणी बघा."

"बघितलंय. सप्टेंबरपर्यंत भाड्याचा माणूस चालवेल. मग तू ये."

"माझ्यासाठी थांबणार? चूक केली मी, स्वेरे!"

"चूक केलीस, आणि पुन्हा वर चढलीस, ते मी इथूनच पाहिलं. माझी सव्वीस माणसं त्या क्रेनखाली वावरतात, बाई."

सप्टेंबरात ती पास झाली. पण कुणी विचारलं, तर नोकरीला एप्रिलातच लागले असं सांगते.