तुरटी फिरवलेलं पाणी

बायजाबाई मूळच्या हमरापूरच्या. गणपतीच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं शाडू भिजवला, मळला. खांदा धरला तेव्हा ते काम सुटलं. मग २०१७ साली त्या रोह्याजवळच्या जंगलात आमच्या माती-प्रकल्पावर लागल्या. उतारावर मातीत पुरलेल्या नळ्यांतून झिरपणारं पाणी पाऊस पडून गेल्यावर बाटल्यांत भरायचं आणि तारखेची चिठ्ठी चिकटवायची, एवढंच काम. पण गळ्यात फोटोचं ओळखपत्र आलं होतं. उतारावरच्या प्रकल्पाच्या झोपडीत भाकऱ्या थापतानाही त्या ते काढत नसत.

"काढ गो ते, पिठात पडंल," तिथेच सोबत राहणारी बहीण मैना म्हणायची.

"पडू दे. पिठालाबी कळू दे कोण थापतंय."

ऑगस्टमध्ये ही नोकरीच जायची वेळ आली. मातीतला फॉस्फरस, म्हणजे झाडांचं एक महत्त्वाचं खत, पाण्याबरोबर कसा प्रवास करतो हे आम्ही शोधत होतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत जूनपासूनच्या बाटल्यांत तो सापडत होता. शेवटच्या तीन बाटल्यांत जवळजवळ शून्य! प्रकल्पप्रमुख दत्तात्रेय साहेब तडक जंगलात आले.

"बाई, खरं सांगा. चढायचा कंटाळा करून वाडीतल्या हापशाचं पाणी भरलंत ना? तसं असेल तर उद्यापासून येऊ नका."

"हापसा खाली, वाडीत. तिथनं भरून बाटल्या वर आणायच्या, म्हंजे चढ चुकला कसा, साहेब?"

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही.

"मग पाणी इतकं नितळ कसं?"

"तुरटी फिरवली. तांबडं गढूळ पाणी पुण्याला पाठवायची लाज वाटायला लागली. पाव्हण्याला कोण देतं तसलं?"

साहेब दगडावर खालीच बसले. "म्हणजे सगळा गाळ फेकलात!"

"फेकला? माती फेकतात व्हय? आमच्या कारखान्यात हात धुतलेलं पाणीसुद्धा परत टबात जायचं."

त्यांनी झोपडीतून तीन करवंट्या आणल्या. प्रत्येकीत वाळलेला तांबडा गाळ आणि वर तारखेची चिठ्ठी.

हरवलेला फॉस्फरस त्या गाळात निघाला. पण तुरटी पाण्यात विरघळलेला फॉस्फरसही खाली ओढते, त्यामुळे तो आधीपासूनच मातीला चिकटलेला होता, हे एवढ्याने सिद्ध होत नव्हतं. पुढच्या पावसाचं पाणी बायजाबाईंनी तसंच गढूळ दिलं आणि आम्ही ते अतिशय बारीक गाळणीतून काढलं. निम्म्याहून जास्त फॉस्फरस गाळणीवरच राहिला. तो विरघळून नव्हे, तर केसाच्या जाडीत शेकडो मावतील अशा लोहाच्या आणि चिकणमातीच्या कणांना चिकटून चालला होता.

साहेब थक्क झाले. बायजाबाईंना यात नवल वाटलं नाही.

"शाडूच्या टबातलं वरचं पाणी आठ दिवस ठेवा, ढवळंच ऱ्हातं. जे खाली बसत नाय, तेच लांब जातं."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठं इचारलंत? तुम्ही हापसा इचारलात."

नोकरी टिकली. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला कामावर हजर होत्या. साहेबांनी झोपडीच्या दारावर पाटी लावली होती : पाण्यात काहीही टाकू नये. बायजाबाईंनी ती सावकाश वाचली.

"साहेब, खाली माझं नाव घाला. नायतर लोकांना वाटंल, मैनेनं टाकलं."