व्हाइट सेल्सला मराठीत काय म्हणायचं?

आमच्या लॅबोरेटरीत काचेच्या स्लाइड कमी अन् किस्से जास्त! स्लाइड निदान धुऊन परत वापरता येते. किस्सा एकदा चिकटला की निघतच नाही. मित्रांत एक सांगायला जावं तर चार बाहेर पडतात. सगळे खो खो हसतात अन् मग हळूच आपापल्या नखांचा रंग पाहतात!

लॅबोरेटरी म्हणजे अमरावतीत डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या. डॉक्टर पुण्याचे. रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन करतात. मी त्यांचा असिस्टंट. बोट टोचायचं, थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा.

\*

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. "साहेब, कॅन्सर म्हणजे गाठ. रक्त तर पातळ. त्यात गाठ राहील कुठं?"

डॉक्टर मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाले, "गाठ असती तर कापली नसती का रे?"



\*

डॉक्टर एरवी तिरसट. पण स्लाइड वाईट निघाली की आवाज एकदम लोण्यासारखा! गावाला हे कळलं. शिव्या खाल्लेले पेशंट लॉटरी लागल्यासारखे हसत बाहेर पडायचे.

एकदा तुलनेसाठी माझंच रक्त घेतलं. डॉक्टर पाहतच राहिले. मग वळून हळूच म्हणाले, "बाळ, जेवलास का?"

मी भिंत धरून खाली बसलो. "साहेब... काय दिसलं?"

"काय दिसणार? आत पुरणपोळी केलीय, तुलाही बोलावलंय. रडतोस काय गाढवा!"

गाढव म्हटल्यावर जीवात जीव आला.

\*

मग अकोल्याचे सुखदेवभाऊ आले. झेंडूचा मळा, फुलांचा धंदा. भलं मोठं पोट सांभाळत बायकोसोबत टांग्यातून उतरले.

"पोटातली पानथरी वाढली जी. मेळघाटात हिवताप भरला होता. कोयनेल खाऊन खाऊन कान वाजून राहिले."

स्लाइड लावली. डॉक्टरांनी मला बघायला लावलं. एरवी लाल कणांच्या गर्दीत पांढरा कण हुडकावा लागतो. इथं जिकडंतिकडं तेच! नुसती जत्रा!

अन् मागून डॉक्टरांचा आवाज, अगदी मऊ, "सुखदेवभाऊ, प्रवासात त्रास नाही ना झाला?"

\*

औषध एकच, सोमलाचे थेंब पाण्यातून. रोग जात नाही, दबतो म्हणे. सुखदेवभाऊंच्या बायकोनं, गिरजाबाईनं, बाटली हुंगली. "सोमल? उंदरायले घालतेत थोच?"

"तोच," डॉक्टर म्हणाले.

बाईनं पदर खोचला, थेंब आपल्याच जिभेवर टाकला अन् डोळे मिटून उभी राहिली!

"अहो बाई!" डॉक्टर ओरडले.

थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. नवऱ्याला म्हणाली, "मी तं नाई मेली. घ्या, प्या आता!"

\*

अन् पोट उतरलं की हो! सुखदेवभाऊ हरखले. "डाक्टरसाहेब, येत्या दसऱ्याले झेंडू लावू न? औंदा जास्तीचं वावर घेतो म्हन्तो."

लावू की नको, एवढंच त्यांना हवं होतं. डॉक्टरांच्या तोंडून "लावा" निघेना अन् "नका" पण निघेना. ते इंग्रजीत मला म्हणाले, व्हाइट सेल्स परत चढायला लागल्यात. पेशंटसमोर आम्ही हे इंग्रजीतच बोलायचो.

ते दोघं गेल्यावर डॉक्टर चिडले, स्वतःवरच. "किती लपायचं इंग्रजीमागं? पुढच्या खेपेला सरळ मराठीत सांगतो."

\*

पुढच्या खेपेला ते अकोल्याच्या कोर्टातून थेट आले. विहिरीवरून चुलतभावाशी जुना दावा चाललेला. गिरजाबाई टांग्यातूनच मला सांगत होती, "आजची बी पेशी फुकट गेली भाऊ! जजसाहेबानं पेशी वाढवली, पुढची तारीख देल्ली!"

डॉक्टर आत होते. हे त्यांनी ऐकलं नाही.

त्यांनी पोट चाचपलं. पुन्हा दगड. मला म्हणाले, "तू बाहेर जा." मी गेलो नाही. त्यांनी घसा साफ केला अन् पुस्तकातलं मराठी काढलं.

"सुखदेवभाऊ, मन घट्ट करा. तुमच्या पेशी... परत वाढल्या आहेत."

गिरजाबाईनं नवऱ्याचा हात धरला. सुखदेवभाऊंनी डॉक्टरांच्या तोंडाकडं पाहिलं. पाहतच राहिले. मग हसले.

"वाढू द्या न जी! पेशी वाढून राहिली तोवर निकाल तं लागत नाई!"