देवरेबाईंचं ऐकणं

देवरेबाई आमच्या कळवणकडच्या गुरांच्या सरकारी डॉक्टर. गोठ्यापाशी आल्या की लगेच आत शिरत नसत. दाराबाहेर डोळे मिटून, कान देऊन उभ्या राहत; कुणाला खोकूही देत नसत. गावातल्या बायका म्हणत, बाई ज्या दारात डोळे मिटतात तिथं काहीतरी घडतंच.

एका हिवाळ्यात आमची कपिला चाऱ्याला तोंड लावेना, म्हणून आईनं त्यांना बोलावलं. बाई दाराशी थांबल्या. आत अंधार, आणि त्यातून चप् चप् असा ओला आवाज.

"खातेय का ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाय बाई. सकाळचा चारा तसाच पडून हाय," आई म्हणाली.

"मग तोंड कशानं वाजतंय?"

बाईंनी आत जाऊन कपिलाचा जबडा उघडला. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यातही फोड. लाळ्या खुरकूत, एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात झपाट्यानं पसरणारा रोग. बाईंनी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पुसायला दारात टाकायला लावलं आणि वासरू वेगळं बांधायला सांगितलं.

वासरू तर उड्या मारत होतं. त्याला एकही फोड नाही, असं आई म्हणाली.

"वासरात हा रोग फोडांची वाट बघत नाही. थेट काळजात उतरतो. गाईचं दूध पाजू नका."

संध्याकाळी कपिला तटतटलेल्या कासेनं हंबरत राहिली. आईला ऐकवेना. तिनं वासरू सोडलं. ते ढुशा देत पोटभर प्यालं, वळलं आणि उभ्या उभ्या कोसळलं. अंगावर कुठं खूण नव्हती. आई त्याच्या केसांत बोटं फिरवून शोधतच राहिली.

सकाळी बाई आल्या, पण रागावल्या नाहीत. चुना टाकून वासरू खोल पुरून घेतलं. मग आईजवळ बसून म्हणाल्या, "रोग त्याला आधीच लागला असेल. मायेनं पाजलंत, त्याचं पाप नाही. पण आता या हातांनी दुसऱ्याच्या गोठ्याचं दार उघडू नका."

आईनं ते पाळलं. विंचूरला भावाच्या घरी लग्न होतं, पण त्याच्याकडंही गुरं, म्हणून तिथंही गेली नाही. शेजारचे गोठे वाचले. कपिला उठली, पुढं उन्हाळ्यात मात्र त्या रोगापायी सावलीतही धापा टाकत राहायची.

बाईंची मालेगावकडे बदली झाली, तेव्हा आईनं त्यांना सांगून टाकलं की, तुम्ही दारात आलात की गावाला भीती वाटायची.

"माझी भीती वाटू द्या," बाई म्हणाल्या, "मला बोलवायची वाटू देऊ नका."