डिंडोलीतला लाँग आयलंड

पहिला ग्लास मी सरळ मोरीत ओतला. लागायला छान होता, पण सरबतासारखा छान. मला तसला छान नको होता. घशाखाली उतरताना जाळ करत जाणारा हवा होता, आणि त्यात दारूचा थेंबही नको होता.

नको होता तो गुजरातच्या बंदीमुळे नव्हे. बंदी असली तरी सुरतेत ज्याला हवी त्याला मिळते, हे आमच्या डिंडोलीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या नणंदेचा नवरा येणार होता, आणि मला त्याला एकदा, फक्त एकदा, शुद्धीत बोलताना पकडायचं होतं. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते. इथे मात्र मी त्याला नुसतं 'तो' म्हणणार.

तो नंदुरबारला राहतो. दिवाळीला आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद माहेरी आली की चार दिवसांनी तिला न्यायला येतो, आणि येताना कपड्यांच्या घडीत बाटली लपवून आणतो. दोन पेग पोटात गेले की त्याला सगळ्यांची उणीदुणी सुचतात. मी घरी साड्यांवर खडे चिकटवते, त्यावरून मला बोलला. माझ्या नवऱ्याला मिलमधला हमाल म्हणाला, आणि माझा नवरा तिथे सुपरवायझर आहे. सकाळी हाच माणूस केस चापून चोपून विंचरून पोह्यांना बसतो आणि म्हणतो, वहिनी, रात्री काय बोललो, काही आठवत नाही बुवा. की लगेच सासूबाई माझ्याकडे वळून म्हणणार, शुद्धीत नव्हते गं ते, मनावर घेऊ नको. नवऱ्याचंही तेच. घरचा जावई पडला ना तो!

माझ्यापुरतं होतं तोवर मी गिळलं. गेल्या दिवाळीत मात्र त्याने माझ्या आईला सोडलं नाही.

आईला माझ्याशिवाय कोणी नाही. वडील गेल्यावर मी तिला अमळनेरकडच्या आमच्या गावाहून इथे आणलं होतं. बसल्या बसल्या माझ्याबरोबर साड्यांना खडे लावायची, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळून द्यायची. भाऊबीजेच्या संध्याकाळी नवरा खाली गेला होता, सासूबाई आणि नणंद देवळात, मी स्वयंपाकघरात. बाहेर ग्लास घेऊन बसलेला तो आईला म्हणाला, "लेकीच्या दारात अजून किती वर्षं तुकडे मोडणार?" मी पळी तशीच टाकून आले, तर आई खाली मान घालून फरशीकडे बघत होती. त्या रात्री ती जेवली नाही. आठवड्याच्या आत पिशवी भरून गावी निघून गेली आणि तिथे एका खोलीत एकटी राहू लागली. मी फोनवर किती माथाकूट केली, की ये परत. तिचं एकच, तू सुखात राहा, मी इथे बरी आहे. बीपीच्या गोळ्या संपल्या तरी सांगायची नाही. शेजारणीकडून कळायचं, मग माझा जीव खालीवर व्हायचा.

मला माझी आई परत हवी होती. आणि त्या माणसाने तिची माफी मागितल्याशिवाय मी तिला कोणत्या तोंडाने बोलावणार? पण माफी मागायला त्याला सांगणार कोण? शुद्धीत नव्हता ना तो! मी नवऱ्याशी भांडले, सासूबाईंशी अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. म्हटलं ठीक आहे. ज्या बाटलीआड हा लपतो, ती बाटलीच काढून घेते.

युक्ती त्यानेच दिली होती. गोव्याला जाऊन आल्यापासून त्याच्या तोंडी लाँग आयलंड आइस टीचं पालुपद असायचं. पाच प्रकारच्या दारू एका ग्लासात, दिसायला निव्वळ चहा, पण दोन ग्लासांत भला माणूस आडवा. तुम्ही सुरतेत बसून तुमचं ते चॉकलेटचं दूध, कोल्ड कोको प्या, असं वर आम्हाला ऐकवायचा. मी मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पाहिले. लिंबू, साखरेचा पाक, वरून कोला, बर्फ आणि त्या पाच दारू. दिसायला चहा ना? मग मी त्यात चहाच घालायचं ठरवलं.

चैत्रातल्या दुपारी सासूबाई झोपल्या की माझे प्रयोग चालायचे. चहा पाण्यात इतका उकळायचा की जिभेला तुरट चिमटा बसला पाहिजे. लिंबं भाजीवाल्याच्या लारीवरून आणायची, पातळ सालीची. गोडाला पाक. पण दारूचा तो चटका कुठून आणायचा? सुंठ घालून पाहिली, काढ्यासारखं लागलं. मिरी घातली, नुसतीच शिंक आली. शेवटी आल्याच्या रसात लवंगी मिरच्या चिरून रात्रभर ठेवल्या, सकाळी फडक्यातून गाळलं आणि त्यात नूडल्सवर घालतात ते व्हिनेगर चमचाभर टाकलं. संत्र्याची साल पिळून तिचा वास वर सोडला. एक घोट घेतला, तर जाळ घशातून थेट छातीत उतरला आणि कान गरम झाले. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि खरं सांगते, एकटीच हसले. वाटलं, ये आता, चांगला पाहुणचार करते तुझा.

अखाजी झाली. नणंदेने सांजोऱ्या केल्या, आमरस झाला, आणि नंतर तो तिला न्यायला आला. मी त्याला दारातच हळू आवाजात सांगितलं, की यंदा तुमची बाटली बॅगेतच राहू द्या, तुमचं ते गोव्याचं लाँग आयलंड मी केलंय, शेजाऱ्यांनी दमणहून सगळं सामान आणून दिलं. त्याने बाटली दाखव म्हटलं नाही. आमच्याकडे बाटली कोणी दाखवतच नाही, स्टीलच्या जगमधून येतं ते गुपचूप प्यायचं, एवढी सुरतेची रीत त्यालाही ठाऊक होती.

दिवेलागणीला सगळे हॉलमध्ये बसलो. मी काचेचे उंच ग्लास काढले, बर्फ घातला, जगमधून ओतलं, वर कोला आणि कडेला लिंबाची चकती. पहिल्या घोटाला त्याचे डोळे पाणावले. म्हणाला, वहिनी, माल कडक आहे. अर्धा ग्लास संपेपर्यंत जीभ जड झाली, शब्द ओघळायला लागले. दुसऱ्या ग्लासाला उठून उभा राहिला तर झोकांडी खाऊन सोफ्यावर बसला. चहाने! माझ्या नवऱ्यानेही अर्धा ग्लास घेतला होता, तोही म्हणाला, चढतंय हं हळूहळू. मी मनात म्हटलं, धन्य आहे तुमची.

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की या महिन्यात मी आईला परत आणणार आहे, कायमची.

त्याने ग्लास खाली ठेवला. "परत? ती म्हातारी फुकटचं गिळायला परत येणार? लाज कशी नाही वाटत लेकीच्या जिवावर जगायला?"

सासूबाई वात वळत होत्या, त्यांचा हात थांबला. नवरा उठला आणि नेहमीसारखं म्हणाला, जाऊ दे गं, जास्त झालीय त्यांना. मला तेवढंच ऐकायचं होतं. मी आत गेले, चहाची पुडी, आलं, उरलेल्या मिरच्या, व्हिनेगरची बाटली, सगळं परातीत घालून आणलं आणि त्याच्यापुढे टेबलावर आदळलं.

"भाऊजी, तुम्ही चहा प्यायलात," मी म्हटलं. "दारूचा थेंब नाही यात. तुम्ही पूर्ण शुद्धीत आहात."

तो हसला. म्हणाला, दारू मला कोण शिकवणार. मी जगमधलं उरलेलं वाटीत ओतून सासूबाईंपुढे धरलं. जन्मात दारूला न शिवलेली बाई. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, वाटी नाकाशी नेली आणि घोट घेतला. खोकल्या. डोळे पुसले. "चहाच आहे," म्हणाल्या. "तिखट आहे, पण चहाच."

एवढं होईपर्यंत त्याची जीभही हलकी झाली होती, एकेक शब्द स्वच्छ. थट्टा करत होतो, म्हणाला. मला वाटलं आता मी बोलणार, पोटभर बोलणार, महिनोन्‌महिने घोकून ठेवलेलं सगळं. पण त्याआधी नणंद बोलली. ती उठून आतल्या दाराशी उभी राहिली होती.

"पोरीच्या बारशाला सगळ्यांदेखत मला थोबाडीत मारलीत," ती त्याला म्हणाली. "त्या दिवशी काय प्यायला होतात?"

तो तिच्याकडे बघेना. तिने आत जाऊन सकाळसाठी भरलेल्या बॅगेतून आपले आणि मुलीचे कपडे काढून परत कपाटात ठेवले. सासूबाईंनी ते बघितलं. मग त्यांनी माझा मोबाईल उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, हिच्या आईला फोन लावा, आत्ता, आमच्यासमोर.

मी नंबर लावून दिला, स्पीकर चालू केला. घाम पुसत त्याने आईची खुशाली विचारली, आणि म्हणतो काय, "दिवाळीला माझ्याकडून काही कमीजास्त बोलणं झालं असेल तर माफ करा. जरा जास्त झाली होती त्या दिवशी, शुद्धीत नव्हतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला. म्हटलं, आई, खोटं आहे हे. आज नुसत्या चहावर हाच माणूस तुला तेच बोलला, सगळ्यांनी ऐकलंय. हा शुद्धीतच असतो.

 पलीकडून आई तिच्या अहिराणीत म्हणाली, "माले तवयच माहीत व्हतं, बेटा."

आणि तेव्हाच कसं कळलं ते शांतपणे सांगू लागली. त्या संध्याकाळी पाहुणे उठले, जिन्यात डोकावून तिचे जावई, म्हणजे माझा नवरा, खाली गेला का बघितलं, दार लोटलं, मग तिच्याजवळ येऊन बोलले. पिऊन तर्र झालेला माणूस दार लोटत नाही. तुम्ही सगळे म्हणत होतात शुद्धीत नव्हते, म्हणून मी गप्प बसले, म्हणाली. ज्या घराला हे कळत नाही तिथे कशी राहू?

 नवऱ्याने मान खाली घातली होती. सासूबाई फोनजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आता कळलं आम्हाला, विहीणबाई."

मग येते, आई म्हणाली.