धुळातात्यांचा सातवा दरवाजा

धुळातात्या टीव्ही बघायला जाताना फेटा बांधत. एरवी रानात, गोठ्यात, अगदी इंदापूरच्या बाजाराला जातानासुद्धा त्यांच्या डोक्याला एक मळका टॉवेल गुंडाळलेला असायचा. पण रविवारी सकाळी अंघोळ करून ते पत्र्याच्या पेटीतून लाल फेटा काढायचे, खांद्यावर घोंगडी टाकायचे आणि आमच्या कळंबच्या वस्तीवरून चालत वालचंदनगरच्या कॉलनीकडे निघायचे. तिथे त्यांचा पुतण्या दत्तू कंपनीत कामाला होता आणि त्याच्या खोलीत टीव्ही होता. रविवारी त्यावर जादूच्या राज्याची एक हिंदी मालिका लागायची.

"टीव्ही बघायला फेटा कशाला वो, तात्या?" दत्तूकाकांच्या बायकोने एकदा हसत विचारलं.

"मालिकेत पैल्यांदा काय दिसतंय?"

"राजाचा दरबार."

"मग? दरबारात बोडक्या डोक्यानं बसत्यात व्हय?"

तिने आपोआप डोक्यावरून पदर घेतला, असं ती अजून सांगते.

तात्या माझ्या वडिलांचे चुलते. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. पुढे ऊस आला आणि मेंढरं गेली. तात्यांनी आपली शेवटची मेंढी विकली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आमच्या धनगरांत सुंबरान मांडतात, म्हणजे ढोल-झांजेवर देवाची मोठी कथा ओवीत गातात, ते त्यांच्याइतकं कुणाला येत नसे. बिरोबाच्या यात्रेत ढोल त्यांच्याच गळ्यात असायचा.

त्या मालिकेत एक राजकन्या होती. तिच्या भावाला आरशात राहणाऱ्या मांत्रिकाने दगड केलं होतं, आणि भावाला सोडवायला तिला एका किल्ल्याचे सात दरवाजे ओलांडायचे होते. तात्यांना हिंदी फारसं कळत नसे. ते तोंडं बघून अर्थ लावायचे. मालिका संपली की वाटेत भेटेल त्याला शंका विचारायचे.

"येवढं मोठं राज्य, आन् एक मेंढरू दिसंना. ती माणसं खात्यात काय? पांघरत्यात काय?"

राजकन्येचा घोडा निळा आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. दत्तूकाकांचा टीव्ही काळा-पांढरा होता. मी बारामतीला कॉलेजात गेले तेव्हा हॉस्टेलच्या रंगीत टीव्हीवर पाहिलं, तर घोडा चक्क तांबडा. सुट्टीत घरी आल्यावर मी त्यांना तसं सांगितलं.

तात्या जराही हलले नाहीत. "चुकलंय त्यांचं," म्हणाले.

कॉलेजचं निघालंच आहे म्हणून सांगते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणीच गेलं नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी उसाची लागण चालू होती, माणसं रानात होती, वडिलांना यायला जमेना. तात्या म्हणाले, मी जातो. फेटा बांधून ते माझ्याबरोबर बारामतीला आले. ऑफिसला काचेचं दार होतं. तात्यांनी ते ढकललं. हलेना. मग खांदा लावला.

"आतनं कुणी धरून बसलंय का काय?"

मागे उभी असलेली मुलं हसायला लागली. मला मान वर करायचं धाडस होत नव्हतं. तरी केली. दारावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दार बाहेर ओढावे'. मी ओढलं. तात्या एकदा दाराकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग त्या हसणाऱ्या मुलांना म्हणाले, "बघितलं का? ही आमची हाय."

त्याच सुमाराला तात्यांनी एक गोष्ट केली, जी आमच्यात कुणी केली नव्हती. वस्तीवर टीव्ही नव्हता आणि बायाबापड्या त्यांना गोष्ट विचारायच्या. तेव्हा एका रविवारी दुपारी त्यांनी अंगणात ढोल काढला, त्याला भंडारा लावला आणि राजकन्येचं सुंबरान मांडलं. दर रविवारी जेवढी मालिका पुढे सरकेल तेवढी ओवी पुढे जायची. त्यात राजाला मेंढरं होती आणि घोडा निळा होता. खुरपणीच्या बायका दुपारी भाकरी लवकर आटपून यायच्या.

हे मारुती आबांना पटलं नाही. आबा आमच्या गजमंडळाचे, म्हणजे यात्रेत ढोल-झांजेवर गाणाऱ्या-नाचणाऱ्या मंडळाचे म्होरके, वयाने तात्यांपेक्षा मोठे.

"धुळा, देवाच्या ढोलावर टीव्हीचं गाणं?"

"आबा, ढोल देवाचा हाय, पर कातडं बकऱ्याचं हाय. त्याला कुठं दुजाभाव कळतोय?"

लोक हसले. आबा हसले नाहीत. "मला चेष्टा नगं. भंडारा लावलास, सुंबरान मांडलंस. आता ते पुरं करायचं. अर्धं टाकलंस तर देवाफुडं ढोल गळ्यात घालायचा न्हाय. रीत तुला ठावं हाय."

"ठावं हाय की. टीव्हीवाले काय अर्ध्यात सोडत्यात व्हय?" तात्या म्हणाले.

टीव्हीवाल्यांनी अर्ध्यातच सोडलं. राजकन्या सातव्या दरवाजापुढे उभी होती, आतमध्ये भाऊ दगड होऊन पडला होता, आणि पुढच्या रविवारी त्या वेळेला दुसराच कसला तरी कार्यक्रम लागला. तात्या त्या रविवारी फेटा बांधून बसले, आणि पुढच्याही. तिसऱ्या वेळी दत्तूकाका म्हणाले, "तात्या, ती मालिका आता लागायची न्हाय बहुतेक."

मी घरी आले तेव्हा तात्या ओट्यावर बसले होते. "सुमे, तू शिकलेली. बारामतीत कुणाला तरी इच्यार, फुडं काय झालं."

कुणाला विचारायचं ते मला कळेना. हॉस्टेलच्या मुलींना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. मग धीर करून बाजारातल्या टीव्हीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मालिका बंद पडली, ताई. शेवट झालाच नाही तिचा. आता दुसरी बघा, हिच्यापेक्षा भारी आहे."

हे तात्यांना सांगणं मला जड गेलं.

"बंद पडली म्हंजी? मालिका काय पाण्याचं इंजिन हाय व्हय बंद पडायला?" ते म्हणाले. यात्रा जवळ आली होती. उभ्या जन्मात एकाही यात्रेला त्यांचा ढोल चुकला नव्हता.

"तात्या, शेवट तुम्हीच करा ना," मी म्हणाले. सहज म्हणाले, पण ते रागावले.

"दुसऱ्याची गोष्ट हाय ती. आपण कोण तिला हात लावनार? चोरी व्हईल."

दोन दिवस ते तसेच होते. तिसऱ्या दिवशी मी बारामतीला निघाले तर एसटीच्या थांब्यापर्यंत माझी पिशवी घेऊन आले. एसटी दिसायला लागली तेव्हा एकदम म्हणाले, "सुमे, मेंढरं चारताना एखादं चुकार मेंढरू आपल्या कळपात शिरतं. तवा काय करत्यात म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हतं.

"इकायचं न्हाय, कापायचं न्हाय. पर उपाशी बी मारायचं न्हाय. आपल्या मेंढरात चारायचं. धनी हुडकत आला की त्याच्या हवाली करायचं, वाढलेल्या कोकरासकट." एसटी थांबली. त्यांनी पिशवी आत सरकवली. "ही गोष्ट चुकलेलं मेंढरू हाय."

यात्रेच्या दिवशी दुपारी देवळापुढच्या लिंबाखाली सगळी वस्ती जमली. बिरोबाची ओवी सुरू होण्याआधी तात्यांनी आपलं अर्धं राहिलेलं सुंबरान पुरं करायचं, असं आबांनीच ठरवून दिलं होतं. ढोल आबांच्या पायाशी ठेवला होता. तात्यांनी तो उचलला नाही. पुरं झाल्याशिवाय उचलायचा नाही, ही रीत. ते नुसत्या झांजेवर उभे राहिले.

सातव्या दरवाजापुढे मोठमोठे वीर आले. त्यांच्या तलवारी मोडल्या. हत्तीने धडक दिली, हत्ती बसला. निळ्या घोड्याने लाथा घातल्या. आरशातला मांत्रिक हसत होता. मग तात्या थांबले, त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि पुढची ओवी घेतली:

"दारावं अक्षरं, कुनी न्हाई वाचली गा,
ढकलून ढकलून, फौज सारी खचली गा.
शाळंतली लेक माझी, फुडं हून ऱ्हायली गा,
बाहीर वढलं दार तिनं, दुनिया ती पाहिली गा."

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. आई तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. राजकन्या आत गेली, भाऊ दगडाचा पुन्हा माणूस झाला, राजाची मेंढरं डोंगरावरून खाली आली. आणि शेवटी तात्यांनी हात जोडून गायलं, की ही गोष्ट दुसऱ्याची, आम्ही फक्त चारली. धनी येईल तेव्हा त्याने कोकरासकट घेऊन जावी.

मारुती आबा उठले. त्यांनी ढोल स्वतः उचलला, त्याला भंडारा लावला आणि तात्यांच्या गळ्यात घातला. म्हणाले काय, तर, "धुळा, घोडं मातूर तांबडंच शोभलं असतं."

"तुमी बी चुकलाव, आबा," तात्या म्हणाले आणि ढोलावर थाप टाकली.

तात्या गेले त्याला आता एक वर्ष झालं. माझं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. कॉलेजात कुणी घरच्यांबद्दल विचारलं तर पूर्वी काय सांगावं मला सुचत नसे. आता मी ही गोष्ट सांगते. नीट जमत नाही, मध्येच अडखळते, पण सांगते.

परवाच्या यात्रेला मी मुद्दाम गावी गेले होते. मारुती आबांच्या मंडळाने राजकन्येचं सुंबरान मांडलं. पुढे बसलेल्या पोरांना ही कधी टीव्हीवरची मालिका होती हे माहीतसुद्धा नाही. त्यांना वाटतं, ही आपल्या धनगरांचीच जुनी कथा. निळा घोडा आला, मेंढरं आली, सातवं दार आलं. शेवटी आबांनी हात जोडून धन्याला हाक घातली. अजून कुणी न्यायला आलेलं नाही.

मी बायकांमध्ये बसले होते. दरबाराची ओवी सुरू झाली तेव्हा मी ओढणी डोक्यावरून घेतली.